मंदीतली सरकारी कामं आणि कलावंतांचं मस्टर

कपडेपट (ठाणे, चरई)

महामंदीबद्दल शाळेत शिकलो ते एवढंच: ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार झाला. मग रूझवेल्ट आले आणि त्यांनी सरकारी कामं काढली. रस्ते, पूल, धरणं. त्या कामांच्या यादीत नाटकही होतं हे कोणी सांगितलं नाही. मला त्याच्यावर बोलायचंय.

१९३५ मध्ये 'वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन' नावाचं खातं निघालं. १९४३ मध्ये ते बंद होईपर्यंत साधारण ८५ लाख माणसांना त्यातून काम मिळालं. याच खात्यात नाटक, संगीत, चित्रकला आणि लेखन असे कलेचे विभाग होते. खात्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स मूळचे समाजसेवक. कलावंतांवर कशाला खर्च, असं विचारणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की त्यांनाही चारचौघांसारखंच खायला लागतं. नाटकाचा विभाग दिला हॅली फ्लॅनगन यांच्याकडे, त्या कॉलेजात नाटक शिकवायच्या. ऐन भरात त्यांच्याकडे १२ हजारांच्या आसपास माणसं होती, आणि त्यात नुसते नट नव्हते. सुतार, शिंपी, दिवे सांभाळणारे, सगळे होते. न्यूयॉर्कमध्ये आठवड्याचा पगार २३ डॉलर ८६ सेंट.

बहुतेक माणसं मदतीच्या यादीतली, म्हणजे खरोखरची बेकार असली पाहिजेत, अशी अट होती. त्यामुळे बोलपटांनी ज्यांचं पोट मारलं होतं ते जुने रंगमंचीय कलाकार, सर्कसवाले, कठपुतळीवाले असे सगळे आत आले. कितीतरी खेळ फुकट, शाळांमध्ये, इस्पितळांमध्ये, बागांमध्ये. २७ ऑक्टोबर १९३६ ला हुकूमशाहीच्या धोक्यावरचं एकच नाटक एकाच रात्री डझनाहून जास्त शहरांत उघडलं. त्याच वर्षी हार्लेममध्ये सगळ्या कृष्णवर्णीय नटांना घेऊन शेक्सपिअरचा 'मॅकबेथ' झाला, गोष्ट स्कॉटलंडमधून उचलून हैतीसारख्या बेटावर नेऊन. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स तेव्हा अवघा २० वर्षांचा होता.

आता आपलं. २५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. माझा भाऊ व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांवर लाइट्सचं काम करतो. नाटकवाल्यांचा हिशेब 'नाईट'वर. प्रयोग झाला तर पाकीट, नाही झाला तर काही नाही. त्या नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर नाट्यगृहं उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, ती २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. मधल्या काळात भाऊ वाशीच्या मार्केटमधून भाजी आणून पाचपाखाडीच्या सोसायट्यांमध्ये विकत होता. रेशनवर माणशी ५ किलो धान्य फुकट मिळालं. शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ वर आली होती, पुढे तीही काही काळ फुकट झाली. यातलं काहीही मी कमी लेखत नाही, त्या धान्यावर आमच्या घरातली चूल पेटली आहे. पण ज्या हातांना नाटकाच्या पहिल्या अंकातली पहाट उजळवता येते त्या हातांना त्या सगळ्या काळात कोणी त्यांचं काम दिलं नाही.

म्हणून प्रश्न असा की अशा काळात सरकारने कलावंताला मदत द्यावी की काम? आणि काम द्यायचं तर कसलं?

---

पाझरतलाव (कोपरखैरणे)

ताई, फार गरजेचा धागा काढलात. तुम्ही अमेरिकेचं सांगितलंत, मी आमच्या माणदेशाचं सांगतो.

बेकाराला भीक नको, काम द्या, ही गोष्ट महाराष्ट्राने स्वतःच्या डोक्याने केली आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामं एवढी वाढली की १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात ५० लाखांच्या जवळपास माणसं कामावर होती. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसायकर घेऊन तो पैसा गावाकडच्या मजुरीसाठी वळवला. आज ठाण्या-मुंबईच्या पगारपत्रकात कापला जाणारा व्यवसायकर हा तोच.

बहात्तरला मी लहान होतो. आई खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळून बसायची, मोठा दगड मांडीसमोर धरायचा, हातोडीने फोडत राहायचं. संध्याकाळी ढीग टेपाने मोजायचे आणि किती ब्रास झाले त्यावर मजुरी. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. घरी अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, घशाखाली उतरायच्या नाहीत. पण त्या कामानेच आम्ही जगलो, आणि त्या वेळच्या तलावावर आजही विहिरींना पाणी आहे.

त्याच कामावर आमच्या शेजारच्या गावचे एक ढोलकीवाले होते. फडात वाजवायचे. दुष्काळात जत्रा कोण भरवतंय? सुपाऱ्या बंद, फड मोडला, ते आमच्या आईच्या शेजारी खडी फोडायला बसले. मजुरी मिळाली, पोरं जगली. पण दोन पावसाळ्यांनी गावात पहिली जत्रा भरली तेव्हा त्यांनी ढोलकी घेतली आणि बोट पुडीच्या काळ्या शाईवर बसेना. कातडं जाड होऊन भेगा पडल्या होत्या. थाप पडायची, पण बोटांतून जो बारीक बोल निघायचा तो गेला. नंतर त्यांनी वाजवणं सोडलं. पुढे वडिलांबरोबर मुंबईला आले आणि मार्केटात माथाडी म्हणून लागले.

सरकारचा यात दोष काढत नाही. त्या वर्षी माणूस जगवणं हेच मोठं होतं. पण आज विचार करतो की त्यांना दर संध्याकाळी त्याच कामावर पाच हजार मजुरांसमोर वाजवायला बसवलं असतं आणि मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, त्यांची हजेरी लावली असती, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

---

हिशेबनीस (ऐरोली)

काका, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. तरीही हरकत मांडतो, कारण सरकारी कामांचे हिशेब तपासण्यात नोकरी गेली.

रोजगार हमी टिकली ती मोजमापामुळे. ब्रास मोजता येते. मातीकामाची चौकडी लांबी-रुंदी-खोलीने मोजता येते. आणि तरीसुद्धा खोट्या हजेऱ्या लागल्याच, मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी निघाली. आता सांगा, ढोलकी कशाने मोजणार? एकदा 'कलावंत' असा रकाना मस्टरवर आला की गावोगावचे पुढारी आपल्या भाच्या-पुतण्यांना त्यात बसवतील आणि खरा ढोलकीवाला खडीवरच राहील. ही भीती मी हवेतून आणलेली नाही.

दुसरं. पैसा सरकारचा असेल तर नाटक कोणाचं? कपडेपट यांनी अमेरिकेची चांगली बाजू सांगितली, पुढचंही सांगायला हवं. जानेवारी १९३६ मध्ये इटलीच्या इथिओपियावरच्या चढाईवर बातम्यांतून रचलेला एक खेळ तयार झाला होता. परदेशी राष्ट्रप्रमुख रंगमंचावर दाखवायचे नाहीत असा वरून हुकूम आला, खेळ बंद पडला, न्यूयॉर्कच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. १९३८ च्या डिसेंबरात संसदेच्या चौकशी समितीपुढे फ्लॅनगनबाईंना एका सदस्याने विचारलं की हा ख्रिस्तोफर मार्लो कम्युनिस्ट आहे का. शेक्सपिअरच्या काळातला नाटककार तो. बाईंना भर समितीत ते समजावून सांगावं लागलं. आणि ३० जून १९३९ ला सगळा नाट्यविभागच बंद केला. चार वर्षंही पुरी नाहीत.

शिवाय त्या कामांनी मंदी संपली असंही नाही. १९३७ मध्ये खर्चाला कात्री लावताच बेकारी पुन्हा वर गेली, आणि ती खऱ्या अर्थाने ओसरली महायुद्धाच्या कारखान्यांनी. एका कुटुंबातून एकालाच काम असा नियम होता, त्यामुळे बायका मोठ्या संख्येने बाहेर राहिल्या. आपल्या बहात्तरच्या कामांवर काकांच्या आईसारख्या बाया गड्यांच्या बरोबरीने होत्या, त्या बाबतीत आपलं पाऊल पुढे होतं.

---

घोडबंदर१८

अनुमोदन, दोन्ही बाजूंना. एक शंका. मंदीत लोकांकडे पैसे नसताना अमेरिकेत सिनेमे मात्र चालले ना? लोकांनी पोटाला चिमटा काढून तिकिटं काढली. प्रेक्षक यावेत म्हणून ठरावीक रात्री थिएटरवाले तिकिटावर कपबशा, ताटल्या द्यायचे, म्हणजे आठवडे मोजून सिनेमा पाहिला की घरात सेट पुरा. मग करमणूक आपली आपण जगते, सरकारची गरज काय?

आणि त्याच मंदीत आपल्याकडे ब्रिटिश सरकारने काय केलं? कोणाला माहीत असेल तर लिहा.

---

जुनीपानं (ठाणे, नौपाडा)

सिनेमा जगला, पण सिनेमातली माणसं वेगळी आणि नाटकातली वेगळी. एक धंदा वाढला म्हणून दुसऱ्यातल्या शिंप्याला आपोआप काम मिळत नाही. हे आपल्याकडेही तसंच घडलं, त्याच वर्षांत.

१४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकला पहिला भारतीय बोलपट लागला. १९३२ मध्ये प्रभातने मराठी बोलपट आणला. नेमक्या याच काळात शेतमालाचे भाव निम्म्यावर आले होते. मराठी संगीत नाटक मंडळ्या गावोगाव मुक्काम करून जगायच्या, आणि गावच्या माणसाच्या हातात पैसा असेल तरच तंबूत गर्दी. एकीकडे खेड्यातला पैसा आटला, दुसरीकडे शहरातला प्रेक्षक बोलपटाकडे गेला. मोठमोठ्या मंडळ्या कर्जात बुडाल्या, बंद पडल्या. गाणाऱ्या नटांपैकी काही सिनेमात गेले. साथीदार, रंगारी, आचारी, पडदेवाले कुठे गेले याची नोंद जवळजवळ कुठेच सापडत नाही.

सरकारने काय केलं, तर फार काही नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. इंग्रजांकडे मदतीची कामं काढायची पद्धत होती. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये ती मोठ्या प्रमाणावर निघाली. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी मजुराचं धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं, त्यावर पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठवला, मजुरांनी कामं सोडली. त्यानंतर १८८० च्या आयोगातून दुष्काळाची नियमावली आली. पण ती सगळी व्यवस्था पीक बुडण्यासाठी होती. मंदीत पीक बुडालं नव्हतं. धान्य होतं, भाव नव्हता. सारा मात्र रोख भरायचा आणि सावकाराचं व्याज जुन्याच आकड्यावर. त्या संकटाला नियमावलीत जागाच नव्हती. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे चलन सोन्याशी बांधून ठेवायची पद्धत, सोडला, सोन्याचा भाव चढला, आणि घराघरातले दागिने मोडीत निघून जहाजाने बाहेर गेले. सरकारला ते सोयीचंच होतं, लंडनची देणी भागत होती. इकडे मुंबईत गिरण्यांनी पगार कापले, १९३४ मध्ये मोठा संप झाला. कर्जदार शेतकऱ्यासाठी मुंबई प्रांताचा कायदा व्हायला १९३९ उजाडलं, तोही खेर मंत्रिमंडळ आल्यावर.

म्हणजे त्याच दहा वर्षांत तिकडे एका सरकारने बेकार नटाला पगार दिला आणि इकडे दुसऱ्याने शेतकऱ्याचाही विचार उशिरा केला. शिवाय तिकडे एकेकाळच्या गुलामांचे शब्दही सरकारी पैशाने लिहून घेतले गेले. लेखनविभागातल्या बेकार लेखकांनी १९३६ ते १९३८ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांत फिरून, लहानपणी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांना गाठलं आणि २३०० हून अधिक मुलाखती लिहून काढल्या. मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, त्यामुळे कित्येक म्हातारे मोकळेपणी बोलले नसतील, हे इतिहासकार सांगतात. तरीही आणखी दहा वर्षं गेली असती तर तेवढंही हाती लागलं नसतं.

हिशेबनीस, मोजायचं कसं म्हणालात ना? मुलाखती मोजता येतात.

---

तिसरीघंटा (कळवा)

पहिल्यांदाच इथे लिहितोय. मी नेपथ्य लावतो.

२०२१ मध्ये लोककलावंतांना सरकारकडून एकदाच प्रत्येकी ५ हजार रुपये मदत जाहीर झाली. ती लोककलांसाठी होती, आम्ही त्यात बसत नव्हतो. माझे मामा तमाशात, ते बसत होते. नारायणगावात पाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन सुपाऱ्या देतात, चैत्र-वैशाखातल्या कमाईवर वर्ष निघतं. २०२० ला ऐन पाडव्याला सगळं बंद. दुसऱ्या वर्षीही तेच. मामांच्या फडमालकाने उचल म्हणून घेतलेला पैसा व्याजाने वाढत गेला. मामांकडे कलावंत असल्याचा दाखला नव्हता. आयुष्यभर बोर्डावर उभा राहिलेला माणूस, त्याने कागद कधी गोळा केलाच नाही. कोणाकडून तरी सही आणा, फोटो आणा, जुनी जाहिरात आणा. आम्हाला मदत केली ती नाटकातल्याच लोकांनी वर्गणी काढून, किराणा घरी आणून दिला. त्यांचे उपकार आहेत. पण दर महिन्याला पिशवी घ्यायला दार उघडायचं म्हणजे काय वाटतं ते ज्याचं त्याला कळतं. माझ्या हातात तेव्हा करवत होती, मोकळा वेळ होता, आणि आमच्या वस्तीतल्या शाळेचे बाक मोडलेले होते.

काम द्या म्हणतात ते याच्यासाठी.

---

हिशेबनीस (ऐरोली)

तिसरीघंटा, तुमच्या शेवटच्या ओळीआधीच्या वाक्याने माझं उत्तर बदललं.

थोडा शोध घेतला. कपडेपट यांनी लिहिलेला २३ डॉलर ८६ सेंटचा पगार तासांवर होता, कलेच्या मापावर नाही. हजेरी लावायची, ठरलेले तास भरायचे. चित्र किती चांगलं आलं हे मुकादमाने ठरवायचं नव्हतं. म्हणजे माझ्या पहिल्या हरकतीला उत्तर आहे.

आपल्याकडे अडचण वेगळी. रोजगार हमीचा राज्याचा कायदा ग्रामीण भाग आणि 'क' वर्ग नगरपालिकांपुरता, २००५ चा देशाचा कायदा तर ग्रामीण भागापुरताच होता. ठाणे-नवी मुंबईतला नेपथ्यवाला कशातच येत नाही. पण शहरी रोजगार हमी अशक्य नाही. केरळने २०१० मध्ये शहरांसाठी योजना काढली, राजस्थानने २०२२ मध्ये. त्यांत झाडं लावणं, नाले साफ करणं अशी कामं आहेत. त्या कामांच्या यादीत चार ओळी वाढवता येतात: पालिका शाळांतल्या रंगमंचांची आणि बाकांची दुरुस्ती, शाळेतल्या मुलांना तबला-ढोलकी शिकवणं, वृद्धाश्रमात आणि इस्पितळात दुपारचे कार्यक्रम, जुन्या माणसांच्या आठवणींचं ध्वनिमुद्रण. चारही ठिकाणी हजेरी शाळेचा मुख्याध्यापक किंवा इस्पितळाची मेट्रन लावू शकते. रोज तेवढाच, जेवढा कुशल मजुराला. कलावंत कोण हे ठरवायला समिती नको. जो हे काम करायला येईल आणि करून दाखवेल तो. बनावट नावं वर्गातल्या मुलांसमोर टिकणार नाहीत, मुलं पहिल्याच तासाला ओळखतात.

दुसरी हरकत मात्र शिल्लक आहे. खेळ कोणता करायचा, हे ठरवणाऱ्याच्या हाती पगाराचं पाकीट नको.

---

कपडेपट (ठाणे, चरई)

हिशेबनीस, मनापासून आभार. 'कुशल मजुराला तेवढा' हे मला पटलं. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, शाळेत लाइट्स शिकवायला जमेल, पण आधी शाळेच्या हॉलचं वायरिंग बघायला लागेल, नाहीतर पहिल्याच डिमरला फ्यूज जाईल. म्हणजे वायरमनचंही काम निघालं.

खेळांच्या बाबतीत मला वाटतं फ्लॅनगनबाईंचं जमलं तेवढंही मोठं होतं. घरांच्या दुर्दशेवर, विजेच्या दरांवर, शेतकऱ्यावर त्यांनी बातम्यांतून खेळ उभे केले. आपल्याकडे शाहिरांनी, कलापथकांनी हेच केलं, पण स्वतःच्या खिशातून आणि पोलिसांचा ससेमिरा सोसून. सरकारच्या पैशाने सरकारला बोल लावणारा वग उभा राहील का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण म्हणून बाकड्यांचं आणि मुलांचं काम अडवून ठेवायचं, हे मला मान्य नाही.

---

पाझरतलाव (कोपरखैरणे)

मग जिथे भांडण नाही तिथून सुरू करू. आठवणींपासून.

आमच्या कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत बहात्तरला खडी फोडलेल्या कितीतरी बाया आहेत. सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या. सातारा, सांगली, पुणे, नगरकडच्या. कामावरची गाणी त्यांना पाठ आहेत. दळणाच्या ओव्या वेगळ्या आणि खडीवरच्या वेगळ्या, खडीवरच्या ओवीत मुकादमाचं नाव येतं, इंजिनिअरची जीप येते, मिलोला शिव्या येतात. ही गाणी सरकारी कामावर जन्माला आली आणि कुठल्याही सरकारी कागदावर ती नाहीत.

सरकारची वाट बघत बसलो तर या बाया राहणार नाहीत. जुनीपानं, तुम्ही प्रश्नांची यादी करून द्याल का, अमेरिकेतल्या त्या मुलाखतवाल्यांनी कसे प्रश्न विचारले ते बघून? तिसरीघंटा, तुमच्याकडे आवाज टिपायचं चांगलं यंत्र असणारा कोणी असेल तर सांगा. आणि त्याला नाईट द्यायची, फुकट राबवायचं नाही. वसाहतीतून वर्गणी मी काढतो.

---

जुनीपानं (ठाणे, नौपाडा)

यादी शनिवारपर्यंत देते. पहिला प्रश्न दुष्काळाचा ठेवत नाही. 'कामावर तुमच्या शेजारी कोण बसायचं' इथून सुरू करू. आणि मुलाखत घ्यायला वसाहतीतलीच एखादी सून किंवा लेक बसवा काका, बाहेरचं माणूस नको. त्या २३०० मुलाखतींत हेच राहून गेलं होतं.

---

तिसरीघंटा (कळवा)

यंत्र मिळेल. आमच्या नाटकाचा साउंडवाला तयार आहे, मंगळवार-बुधवार त्याला प्रयोग नसतात. दुपारी पंखे बंद ठेवावे लागतील आणि खिडकीशी रस्ता नको, अशी खोली बघून ठेवा.